अहवालाच्या कक्षेबाहेरचं आकाश

वन्सं, तुमच्या शोकसभेत मी भांडले.

कॉलेजच्या सभागृहात तुमचा फोटो ठेवला होता. ओळखपत्रावरचाच मोठा केलेला, ज्यात तुम्ही फोटो काढणाऱ्यावर रागावल्यासारख्या दिसता. प्राचार्य बोलले, तुमचे जुने विद्यार्थी बोलले. मी डोळ्यांना पदर लावून बसले होते आणि ठरवलं होतं की आज काही बोलायचं नाही. मग आपल्या बागायतदार संघाचे अध्यक्ष उठले. म्हणाले, "आपल्या हापूससाठी विमान कंपनीला अंगावर घेणारी ही एकटी बाई. विमानांच्या धुरानं आपला मोहोर जळतो, हे त्यांनी जगाला सांगितलं."

मी उभी राहिले.

"त्यांनी असं कधीच सांगितलं नाही," म्हटलं.

शेजारची बाई माझा पदर ओढायला लागली. अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, आजच्या दिवशी कशाला?"

"आजच. कारण उद्या तुम्ही हेच पेपरात छापाल, आणि ते खोडायला त्या येणार नाहीत."

हे माझ्या शेजारीच बसले होते. मला वाटलं, हात धरून खाली बसवतील. त्यांनी मान खाली घातली, पण हात धरला नाही. सभा लवकर आटोपली. बाहेर चपला घालताना कोणी माझ्याशी बोललं नाही.

तुम्हाला हे आवडलं असतं का, मला माहीत नाही. तुम्ही म्हणाला असतात, "अगो शैला, वाक्य बरोबर होतं, पण आवाज कशाला चढवलास?" चढवला. मला तुमच्यासारखं थंड राहून भांडता येत नाही. आणि खरं सांगू का, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मी रागावणार. त्याशिवाय तुमच्याशी बोलायचं कसं?

लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुमची मला धास्ती होती. ह्यांची थोरली बहीण, लग्न न केलेली, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी, गावात खोली घेऊन एकटी राहणारी. मी आपली कलमांच्या बागेतली. तुम्ही शनिवारी दुपारच्या एस.टी.नं यायचात, जेवायचात, आणि बागेमागच्या सड्यावर जाऊन उघड्या कातळावर चक्क आडव्या व्हायचात. बाईमाणसानं असं उताणं पडून आभाळ बघावं, हे गड्यांनाही विचित्र वाटायचं.

अठ्ठ्याण्णव सालच्या थंडीत एकदा मी चहा घेऊन वर आले, तेव्हा तुम्ही हात लांब करून, एक डोळा मिटून आभाळात काहीतरी मापत होतात.

"ये. ती रेघ दिसते?" तुम्ही म्हणालात. "आखाताकडून दक्षिणेला जाणारं विमान. मघाशी करंगळीएवढी होती. आता बघ, तीन बोटं झाली."

"धूर आहे. जाईल विरून."

"धूर नाही, बर्फ आहे. इंजिनातून वाफ आणि काजळी बाहेर पडते, वर कडाक्याची थंडी, त्या काजळीच्या कणांवर बर्फ धरतो. हवा कोरडी असली तर लगेच उडून जातो. दमट असली तर राहतो, पसरतो. तासाभरानं बघशील तर रेघ नसेल, पातळ ढग असेल."

"मग असू दे की. ढग आहे, सावली देईल."

तेव्हा तुम्ही उठून बसलात. तुमच्या वर्गातली मुलं त्या बसण्याला घाबरत असणार. म्हणालात, दिवसा हा ढग थोडं ऊन परत पाठवतो हे खरं. पण जमिनीतून वर जाणारी ऊब तो अडवून धरतो, दिवसाही आणि रात्रीही. रात्री ऊन नसतंच, तेव्हा तो नुसती गोधडी. "आणि विमान कंपनी हिशेब कशाचा देते? किती इंधन जाळलं आणि त्यातून किती कार्बन निघाला, एवढाच. ही गोधडी कुठल्याच कागदावर नाही. कोणी मोजतच नाही, म्हणून ती नाहीच असं समजायचं."

"तुम्ही मोजून काय होणार?"

"मोजलेलं होईल," तुम्ही म्हणालात, आणि चहा घेतलात.

मला तेव्हा ते उत्तर उडवाउडवीचं वाटलं होतं.

मग तुम्ही कॉलेजच्या फाटकाशी तो फळा लावलात. सुविचाराचा जुना फळा, त्यावर सुविचार लिहायला कोणी फिरकत नव्हतं. रोज सकाळी खडूनं लिहायचात: आज अमुक वेळेला रेघा दिसल्या, इतक्या विरल्या, इतक्या पसरल्या, सर्वांत रुंद चार बोटं. दमट हवेचा अंदाज. खाली ठळक अक्षरांत, "हे कंपनीच्या अहवालात नाही." एस.टी.ची वाट बघणारी माणसं वाचायची. काही हसायची. मुलं तुम्हाला 'रेघेवाल्या मॅडम' म्हणायला लागली, आणि तुम्ही ते कानावर आलं तरी खुशीत असायचात.

कंपनीला तुम्ही किती पत्रं लिहिलीत! तुमचं मागणं मी पाठ म्हणू शकते. विमान किती उंचीवरून गेलं, तिथली हवा किती थंड आणि किती दमट होती, मागे रेघ राहिली का, हे प्रत्येक उड्डाणामागे नोंदवा आणि लोकांसमोर ठेवा. उंचीवरच्या नायट्रोजनच्या वायूंचंही काय होतं ते लिहा. नक्की किती तापतं हे शास्त्रज्ञांनाही अजून नीट सांगता येत नसेल, तर तसंही लिहा, "नीट सांगता येत नाही" असं लिहा, पण रकाना रिकामा ठेवू नका. जिथे दमट थर पातळ असेल तिथे हजार-दोन हजार फूट खालून जाऊन बघा.

त्यावर कंपनीचं गुळगुळीत कागदाचं कॅलेंडर आलं. बारा महिने, बारा विमानं. ह्यांना वाटलं, तुम्ही फाडाल. तुम्ही ते उलटं करून त्याच्या कोऱ्या पाठीवर आकाशाचे तक्ते आखलेत आणि म्हणालात, "कागद चांगला आहे हो, शाई फुटत नाही."

माझं तुमचं खरं भांडण निखिलवरून व्हायचं. माझा एकुलता एक मुलगा दुबईत, वर्षातून एकदा येणार. मी एकदा चिडून म्हटलं, "विमानं बंद झाली तर माझा मुलगा काय गलबतातून येईल?"

"अगो, बंद करा म्हणतंय कोण?" तुम्हीही चिडलात. "मला विमान आवडतं. टनावारी धातू उडतो, यापेक्षा सुंदर काय आहे? मी म्हणते, जे मागे टाकता ते सांगा. निखिल आल्यावर तू त्याला विचारतेस ना, जेवलास का, झोपलास का? तसं मी विमानाला विचारते."

आणि निखिल आला की तुम्ही त्याला माझ्याआधी धरायचात. खिडकी मिळाली होती का? पंखाच्या पुढची की मागची? बाहेर ढग कुठे होता, खाली की बरोबरीनं? तो बिचारा म्हणायचा, "आत्या, मी झोपलो होतो." तुमचा चेहरा पडायचा. शेवटच्या खेपेला तो जागा राहिला होता, वन्सं. तुम्हाला सांगायला. तुम्ही तेव्हा तापात होतात.

मग ते वर्ष आलं, मोहोर काळा पडला ते. थंडी सुरू होते न होते तोच मळभ धरलं, तुडतुडे झाले, भुरी आली, फवारण्या करून हात भाजले तरी झाडाखाली मोहोराचा सडा. आपली बाग गेली, शेजारच्याची गेली. सगळे कोणाला तरी शिव्या घालायला शोधत होते, आणि फळा रस्त्यावरच होता. 'रेघा पसरतात, ढग होतो.' एवढं वाचून संघातल्या मंडळींनी पुढचं स्वतःच जोडून टाकलं. त्यातच त्या कंपनीला आपल्या जिल्ह्यात धावपट्टी हवी होती आणि तिची जनसुनावणी लागली. ह्यांच्याकडे संघाचं चिटणीसपद. ह्यांनी भाषण लिहिलं. मला वाचून दाखवलं. मला पटलं होतं. माझी कलमं काळी पडली होती, मला का नाही पटणार?

सुनावणीला हॉल गच्च भरला होता. समोर टेबलामागे सुनावणीचे साहेब, बाजूला कंपनीचा टाय लावलेला माणूस, त्याच्यापुढे जाडजूड अहवाल. हे उठले, म्हणाले, "विमानांच्या ढगांनी आमचा आंबा जातो. पुरावा आमच्या घरात आहे. माझी सख्खी बहीण रोज नोंद ठेवते." सगळा हॉल तुमच्याकडे वळला.

साहेबांनी विचारलं, "मॅडम, तुमचं असं म्हणणं आहे?"

तुम्ही उठलात. पांढरी सुती साडी, हातात काहीच नाही.

"नाही. माझ्या नोंदीत आंब्याचा उल्लेख नाही. या वर्षीचं मळभ खालच्या ढगांचं होतं. विमानांच्या रेघा त्याच्या कितीतरी वर असतात. माझ्या भावाचं नुकसान खरं आहे, कारण खरं नाही."

हॉलमध्ये ओरडा झाला. मागून कोणीतरी म्हणालं, "बाई फुटली." ह्यांचा चेहरा मी पाहिला. मला आजही तो चेहरा तुम्हाला दाखवावासा वाटतो.

टायवाला हसत उठला. "म्हणजे मॅडमनीच मान्य केलं की आमच्या विमानांचा काही परिणाम नाही."

"बसा," तुम्ही म्हणालात. वर्गात म्हणता तसं. आणि तो बसला! "तेही मी म्हटलेलं नाही. परिणाम आहे, तो एका बागेवर नाही, सगळ्यांवर आहे. या अहवालात धावपट्टीसाठी तुटणारी झाडं आहेत, आवाज आहे, जळणारं इंधन आहे. विमान वर गेल्यावर मागे काय ठेवतं, याचं एकही पान नाही. ते का नाही?"

साहेब पानं उलटत म्हणाले, "तो विषय अहवालाच्या कक्षेबाहेर आहे."

"विमानाच्या अहवालात आकाश कक्षेबाहेर?"

लोक हसले. नुकतेच तुमच्यावर ओरडणारेही हसले. पण लिहून कोणी घेतलं नाही. साहेबांनी पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

घरी आल्यावर ह्यांनी पाण्याचा तांब्याही हातात घेतला नाही.

"तू माझी बहीण आहेस की कंपनीची वकील?"

"मी कोणाचीच वकील नाही, बापू."

"एक शब्द गिळला असतास तर काय बिघडलं असतं? खोटं बोल म्हटलं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं!"

"मला थेट विचारलं. आणि गप्प बसले असते तर उद्या कंपनीनं आंब्याची गोष्ट खोटी ठरवली असती, आणि तिच्याबरोबर रेघाही. माझ्याकडे दुसरं काही नाही रे. एवढी खरी नोंद आहे."

"आणि माझ्याकडे काय आहे? काळा मोहोर!"

तुम्ही ह्यांच्या खांद्यावर हात ठेवायला गेलात, हे बाजूला झाले. खळ्यातून तुम्ही एकट्या एस.टी.ला चालत गेलात. मी सोडायला आले नाही.

इथे माझं भांडण आहे, आणि तुम्ही नसलात तरी मी ते सोडणार नाही. तुम्ही खरं बोललात, मान्य. पण ह्यांनी भाषण लिहिलंय हे तुम्हाला कळलं होतं. आदल्या शनिवारी तुम्ही आपल्याच ओटीवर पेज जेवलात. तेव्हा का नाही बोललात? मी नंतर विचारलं तर म्हणालात, "मला वाचायला दिलंत कुठे? प्राध्यापिका बहीण पुरावा म्हणून चालते, विचारायला चालत नाही." हेही खरं. पण वन्सं, खरं बोलायला भरलेला हॉलच लागतो का? घरच्या ओटीवर बोललेलं खरं कमी खरं असतं? याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत. टाळत राहिलात, आणि मग गेलात.

पुढच्याच महिन्यात कॉलेजनं फळा काढायला सांगितलं. शैक्षणिक नाही म्हणे. तुम्ही वाद घातला नाहीत. फळा टेम्पोत टाकलात आणि मिरकरवाड्याच्या बंदरावर नेलात, आपल्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या पारूकडे. जेटीजवळ तिच्या दिराचा बर्फाचा धंदा, त्याच्या भिंतीला तुम्हाला फळा लावायचा होता. मी बरोबर होते. पारूनं फळा वरखाली बघितला.

"लाव गो बाय. पन खाली वारा पन लिव. आमच्या उपेगाचा कायतरी नको?"

"लिहीन."

"नि ता वरचा काय म्हंतस, बरफ?"

"बर्फच."

"म्हंजे हयसर पन बरफ नि थयसर पन बरफ," पारू आतल्या लाद्यांकडे बोट दाखवून हसली. "फकस्त थयसर बांगडे नाय!"

तुम्ही इतक्या हसलात की खडू हातातून पडला. लिलावाच्या गलक्यात, माशांच्या वासात, तुम्ही भिंतीला टेकून हसत होतात. गेल्या काही दिवसांत तुमचा चेहरा आठवायला गेले की तोच येतो, आणि मग मला कामं सुचत नाहीत.

आजारपण फार लांबलं नाही, पण सोपंही नव्हतं. रक्ताचा आजार, मुंबईला नेऊन आणलं, मग तुम्हीच म्हणालात, आता बापूच्या घरी ने. ह्यांनी बोलून दाखवलं नाही, पण ओटीवरची खोली स्वतः झाडली, खाट खिडकीशी लावली आणि खिडकीवर येणारी आंब्याची फांदी तोडली. धरती फांदी, वन्सं. त्या फांदीला दर वर्षी फळ असायचं. तुम्ही दोघं त्या सुनावणीविषयी कधी एक शब्द बोलला नाहीत. हे तुमचे पाय चेपायचे आणि तुम्ही आभाळ बघायचात. मी मध्येच पेज घेऊन यायचे आणि दोघंही माझ्याकडे असं बघायचात की जणू मीच व्यत्यय आणलाय.

मान वळवणं अवघड झाल्यावर तुम्ही मला सड्यावर पाठवायला लागलात. "हात सरळ ठेव. कोपर वाकवलंस तर माप चुकेल." मी कातळावर उभी राहून बोटं मोजायचे आणि येऊन सांगायचे. एकदा कंटाळून म्हटलं, "दोन होत्या, दोन्ही पसरल्या." तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "पाहिलंस की वाटलं?" मी परत वर गेले. एक विरली होती.

वन्सं, दहाव्याला कावळा शिवायला वेळ लावला तेव्हा कोणी काय काय कबूल केलं. मी काहीच बोलले नाही. मला वाटलं, तुम्हाला असली आश्वासनं पटणार नाहीत. पण नंतर पेपरात आलं की कंपनी सुधारित अहवाल घेऊन पुन्हा येतेय, पुन्हा सुनावणी आहे. मी ह्यांना म्हटलं, "मी जाणार." ह्यांनी विचारलं, "काय बोलणार?" म्हटलं, "तुमचं नाही, त्यांचं." हे म्हणाले, "आधी मला वाचून दाखव." या वेळी ओटीवर वाचलं गेलं, वन्सं. ह्यांनी एकच वाक्य काढायला सांगितलं, ज्यात मी रडवेली झाले होते.

परवा ती सुनावणी झाली. साहेब नवे, हॉल अर्धा रिकामा. संघाची माणसं माझ्यापासून दूर बसली, शोकसभेचा राग होताच. अहवाल पहिल्यापेक्षा जाड, झाडांचे रंगीत फोटो, इंधनाचे तक्ते. मी बागायतदारीण, दहावीपर्यंत शिकलेली, आदल्या दिवशी दोन वेळा तो अहवाल पाहून आले होते. आकाशाचं पान नव्हतं.

माझा नंबर आला. उभी राहून बोलले. वाफ, काजळी, बर्फ, पसरणारा ढग, अडलेली ऊब. नोंद ठेवा, दर उड्डाणाची. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून लिहा. साहेब मान हलवत होते, पेन टेबलावरच होतं.

"बाई, हा विषय कक्षेत बसत नाही," ते म्हणाले.

"मग बसत नाही असं लिहा. माझ्या नावासकट लिहा. मी इथून हलणार नाही."

मागून कोणीतरी म्हणालं, "रेघेवालीच पुन्हा सुरू झाली." मी वळून बघितलं नाही. हे माझ्या मागे येऊन उभे राहिले, एवढं कळलं. साहेबांनी घड्याळ बघितलं, लेखनिकाला खूण केली. लेखनिकानं कागद ओढला. नाव विचारलं, सांगितलं. गाव विचारलं, सांगितलं. व्यवसाय, आंबा बागायत.

"या विमानांमुळे तुमचं झालेलं नुकसान?"

साहेबांनी मान वर केली. संघाची माणसंही पुढे वाकली. आत्ता मी आंबा म्हणेन, असं सगळ्यांनाच वाटलं.

"माझं काही नुकसान नाही," म्हटलं. "तरी लिहा."

लेखनिक थबकला. साहेबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग त्यानं सावकाश, सरकारी अक्षरात लिहिलं, आणि सही करायला कागद माझ्याकडे फिरवला. मी वाचून घेतलं आणि सही केली.

नुकसान, निरंक. आक्षेप, कायम.